रांजणातल्या खड्यांची नावं

२०२० साली फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी आपलाच तीस वर्षं जुना सिनेमा नव्याने संकलित केला. 'द गॉडफादर'चा तिसरा भाग १९९० मध्ये आला तेव्हा त्याचा शेवट असा होता: पालेर्मोच्या ऑपेरागृहाच्या पायऱ्यांवर मुलगी डोळ्यांदेखत गोळी लागून गेलेली; पुढे कधीतरी, तिचा बाप, पार थकलेला माफियाप्रमुख मायकल कॉर्लिओनी सिसिलीतल्या एका अंगणात खुर्चीवर एकटाच बसलेला; आणि बसल्या जागी तो कलंडतो, संपतो. नव्या आवृत्तीतून कपोलांनी ते कलंडणंच काढून टाकलं. नाव मात्र दिलं 'मायकल कॉर्लिओनीचा मृत्यू'. या मृत्यूत मायकल मरत नाही. काळा चष्मा डोळ्यांवर चढवतो आणि बसून राहतो. मग पडद्यावर अक्षरं उमटतात: सिसिलियन माणसं दीर्घायुष्य चिंतितात, आणि सिसिलियन माणूस कधी विसरत नाही, अशा अर्थाची.

मी दोन्ही शेवट लागोपाठ पाहिले. पहिला पाहून हळहळ वाटली आणि थोडं हायसंही वाटलं. सुटला एकदाचा. दुसरा पाहून उठवेना. सख्ख्या भावाचा खून करवलेल्या, पोटची मुलगी गमावलेल्या माणसाला दीर्घायुष्य लाभो! काही सेकंदांच्या काटछाटीने त्याची शिक्षा कितीतरी पटींनी वाढली होती, आणि ती वाढली होती त्याचं मरण काढून घेतल्यामुळे.

गुन्हेगारीपटांबद्दल माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट या दोन शेवटांमुळे स्वच्छ झाली. केल्या कर्माची फळं भोगणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो असं म्हणणारे बहुतेक सिनेमे त्या माणसाला शेवटी मारून टाकतात. आणि मारून टाकलं की भोगणं तिथेच थांबतं. प्रेक्षक म्हणून आपण रडतो, हिशेब चुकता झाला असं मानतो आणि उठतो. तो चुकता झालेला नसतो. ज्याने तो द्यायचा तोच निघून गेलेला असतो.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्यापैकी फार थोड्यांनी खुनाचा खटला आतून पाहिलेला असतो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाशी बसून बोललेले त्याहून थोडे. अपराध, शिक्षा, पश्चात्ताप, सुधारणा या शब्दांचे आपल्या मनातले अर्थ मोठ्या प्रमाणात गोष्टींनी घडवलेले असतात, आणि गेल्या शंभर वर्षांत त्या गोष्टी सर्वांत जास्त सांगितल्या त्या सिनेमाने. एखादी भयंकर घटना घडली की 'संपवा त्याला' ही हाक उठते. तिच्यामागे संताप असतो, तो खराच असतो. पण संपवलं की संपलं हा जो विश्वास त्या हाकेत असतो, तो कुठून आला याचा विचार करायला हवा.

त्याचा इतिहास बघण्याजोगा आहे. अमेरिकन चित्रपटसृष्टीने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. १९३४ पासून ती कडकपणे राबवली गेली आणि १९६८ मध्ये प्रमाणपत्रांची नवी पद्धत येईपर्यंत टिकली. प्रेक्षकांची सहानुभूती कधीही गुन्ह्याच्या किंवा पापाच्या बाजूला झुकता कामा नये, असं तिचं एक मूळ तत्त्व होतं. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की पडद्यावर ज्याने गुन्हा केला त्याला शेवटच्या रिळात दंड झालाच पाहिजे. संहिता कडक होण्याआधीही दबाव होताच. १९३२ च्या 'स्कारफेस'मध्ये गुंड नायक पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. तेवढंही पुरेसं वाटलं नाही म्हणून खटला आणि फाशी असलेला दुसरा शेवट चित्रित केला गेला. त्या वेळी नायकाचं काम करणारे पॉल म्युनी उपलब्ध नव्हते. त्यामुळे न्यायाधीश ज्याला सुनावतो आहे आणि ज्याला फासावर नेलं जातं आहे त्याचा चेहराच दिसत नाही.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षा आहे, शिक्षा भोगणारा माणूस नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं, तो शेवटच्या क्षणी कुणाला आठवत होता, हे त्या शेवटाच्या लेखी गौण होतं. समाजाचं समाधान झालं की काम झालं. संहिता गेली, तिच्या विरोधात बंड करणारे दिग्दर्शक आले, गुन्हेगाराचं मन उकलून दाखवणारे अप्रतिम सिनेमे आले. शेवटची गोळी मात्र बहुतेकदा तशीच राहिली. फरक इतकाच की पूर्वी ती लागल्यावर लोक टाळ्या वाजवत, आता डोळे पुसतात.

डोळे पुसायला लावणाऱ्या सिनेमांबद्दल माझी तक्रार जास्त आहे, कारण ते मला जास्त आवडतात. ब्रायन डी पाल्मा यांचा १९९३ चा 'कार्लिटोज वे' घ्या. तीस वर्षांची सजा झालेला कार्लिटो ब्रिगान्ते पाचच वर्षांत कायद्यातल्या एका त्रुटीमुळे सुटतो. त्याला खरोखर वेगळं आयुष्य हवं आहे. अल पचिनो यांनी ते हवं असणं इतकं मनापासून उभं केलं आहे की आपण पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या बाजूचे होऊन जातो. पण सिनेमा सुरूच होतो तो त्याला गोळी लागलेल्या क्षणापासून. पुढचं सगळं तो मरता मरता सांगतो आहे. म्हणजे सुटण्याची त्याची प्रत्येक धडपड आपण पाहतो ती वाया जाणार हे ठाऊक असताना. हे पाहताना काळीज पिळवटतं, यात शंका नाही.

आता एक साधा प्रश्न विचारून बघा. त्या तीस वर्षांच्या सजेला पात्र ठरेल असं कार्लिटोने ज्यांच्याशी केलं, ती माणसं या सिनेमात कुठे आहेत? जवळजवळ कुठेच नाहीत. त्याचा भूतकाळ त्याच्यासमोर येतो तो जुन्या मित्रांच्या, उपकाराची परतफेड मागणाऱ्या वकिलाच्या आणि नव्या दमाच्या एका गुंडाच्या रूपात. म्हणजे त्याच्याच जगातल्या माणसांच्या रूपात. त्यामुळे घडतं असं की भूतकाळ हा एक पाठलाग करणारा शत्रू होतो आणि नायक त्याचा बळी. ज्याने इतरांचं वाटोळं केलं तोच शेवटी परिस्थितीने गांजलेला, नशिबाने हरवलेला होऊन बसतो. 'परिणाम' आणि 'नशीब' या दोन गोष्टींची इथे गफलत झाली आहे. नशिबाला कुणी जाब विचारू शकत नाही. परिणाम मात्र कुणाच्या तरी अंगावर उमटलेला असतो, आणि त्या 'कुणाला' तरी जाब विचारण्याचा हक्क असतो.

या नशीबवादाचं दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. 'या धंद्यात आत येण्याची वाट असते, बाहेर जाण्याची नसते' हे वाक्य वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते आपल्याला निसर्गनियम वाटतं. सुधारू पाहणारा माणूस शेवटी खेचला जाणारच. त्याने नोकरी धरली, लग्न केलं, गाव बदललं, तरी एक दिवस दार वाजणारच. पडद्यावर हे शोकात्म दिसतं. पडद्याबाहेर, शिक्षा पुरी करून आलेल्या माणसाला घर भाड्याने द्यायचं की नाही, कामावर ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्याच्या डोक्यात तेच वाक्य घुमत असतं. 'असली माणसं बदलत नाहीत.' ज्या सिनेमाने आपल्याला त्या माणसासाठी रडवलं, त्याच सिनेमाने त्याला दार न उघडण्याचं कारणही हातात दिलेलं असतं.

आपल्याकडे या विषयावरची एक फार जुनी गोष्ट आहे, आणि ती या सगळ्या सिनेमांपेक्षा एका बाबतीत धीट आहे. वाल्याची. वाटसरूंना लुटणारा, मारणारा वाल्या. प्रत्येक बळीमागे रांजणात एक खडा टाकणारा. सात रांजण भरले, असं आजी सांगायची. नारद त्याला मारत नाहीत, शापही देत नाहीत. एक प्रश्न देऊन घरी पाठवतात: ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, विचारून ये. बायको नाही म्हणते, मुलं नाही म्हणतात. वाल्या हादरतो तो तिथे, घराच्या उंबऱ्यात, आपल्याच माणसांच्या तोंडून. आणि मग गोष्ट त्याला जगवते. इतकं जगवते की अंगावर वारूळ चढतं.

लहानपणी मला त्यातलं 'मरा मरा'चं 'राम राम' होणं आवडायचं. आता मात्र रांजणांपाशी अडायला होतं. त्या खड्यांना नावं नाहीत. ते वाटसरू कोण होते, कुठे निघाले होते, त्यांची वाट कुणी किती दिवस पाहिली, वाल्या ऋषी झाल्यावर त्यातल्या एकाच्या तरी घरी गेला का? गोष्ट सांगत नाही. पापाचा हिशेब पापी आणि परमेश्वर यांच्यात मिटतो. खडे रांजणातच राहतात. 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असं आपण सहज म्हणतो तेव्हा ज्यांचे खडे झाले त्यांना कुणी विचारत नाही. माणूस बदलू शकतो हा या गोष्टीचा विश्वास मला जपावासा वाटतो. पण ते बदलणं कुणासमोर सिद्ध व्हायचं, हा प्रश्न ती जिथे सोडते तिथून आजच्या गुन्हेगारीपटाने पुढे जायला हवं.

पुढे गेलेला एक सिनेमा म्हणजे मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'द आयरिशमन', २०१९ चा. तो साडेतीन तासांचा आहे आणि त्याचा खरा ऐवज शेवटच्या भागात आहे. त्याआधी तो नेहमीच्या वाटेने जातो: फ्रँक शीरन ट्रक चालवता चालवता गुंडांच्या टोळीत शिरतो, सांगतील त्याला मारत जातो, आणि शेवटी आपला मित्र, कामगार नेता जिमी हॉफा यालाही. (खरे हॉफा ३० जुलै १९७५ रोजी बेपत्ता झाले आणि त्यांचं काय झालं हे आजवर निर्विवाद सिद्ध झालेलं नाही, त्यांना आपणच मारलं या खऱ्या शीरनच्या दाव्यावर अनेकांचा विश्वास नाही. मी बोलतो आहे ते सिनेमातल्या फ्रँकबद्दल.) इतर सिनेमे जिथे थांबतात तिथे हा थांबत नाही. फ्रँकला कुणी गोळी घालत नाही. टोळीतले सगळे एकेक करून मरतात, हा उरतो. चाकाच्या खुर्चीत येतो. स्वतःची शवपेटी स्वतः निवडायला जातो. मुलगी पेगी बँकेत काम करते, तिच्या खिडकीपाशी तो धडपडत जातो तर ती खिडकी बंद करून निघून जाते.

पेगीला या सिनेमात बोलायला फार कमी वाक्यं आहेत, आणि यावर टीकाही झाली. मला वाटतं तिच्या नुसत्या नजरेइतका कडक न्यायाधीश या प्रकारच्या सिनेमात क्वचितच आला असेल. ती लहान असताना दुकानदाराने तिला ढकललं म्हणून बापाने त्याचा हात तिच्यासमोर चिरडला होता. तेव्हापासून ती पाहते आहे. हॉफा नाहीसा झाल्यावर ती बापाला एवढंच विचारते की तू अजून त्याच्या बायकोला फोन का केला नाहीस. त्यानंतर बोलणं बंद. दुसरी मुलगी नंतर त्याला सांगते की आम्ही आमच्या अडचणी घेऊन तुझ्याकडे येऊच शकलो नाही, कारण तू काय करशील याची भीती वाटायची. मी तुम्हाला जपत होतो, असं आयुष्यभर मानणाऱ्या बापाला हे ऐकावं लागतं. वाल्याच्या बायकोने दिलेलं उत्तर ते हेच. फ्रँकला ते फार उशिरा मिळालं, आणि पुढे तपाला बसायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

शेवटाकडे एक पाद्री त्याला विचारतो, तुला काही वाटत नाही का, त्या माणसांच्या घरच्यांबद्दल? फ्रँक म्हणतो, मी त्या कुटुंबांना ओळखत नव्हतो, एक सोडून. ती एक म्हणजे हॉफाच्या बायकोची. तिला त्याने नवऱ्याला मारल्यानंतर धीर द्यायला फोन केला होता. तसला फोन कसला माणूस करतो, असं तो पाद्र्यापाशी पुटपुटतो. ज्या एका खड्याला नाव होतं, तेवढाच त्याला टोचतो. बाकीचे रांजणात.

'कसला माणूस' हा प्रश्न मी दुसरीकडेही ऐकला आहे, आणि तिथे तो पटकथेत लिहिलेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेत वंशभेदी राजवट संपल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. १९९६ पासून सुनावण्या झाल्या. माफीची अट अशी होती की राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याचं पूर्ण सत्य सांगायचं. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट नव्हती. ७,००० हून अधिक अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. १९९७ मध्ये केप टाउनच्या सुनावणीत जेफ्री बेन्झिन या पोलीस अधिकाऱ्याला त्याने ज्यांचा छळ केला होता त्यांनीच प्रश्न विचारले. तोंडावर ओली पिशवी आवळून गुदमरवायची त्याची पद्धत होती. ती सगळ्यांसमोर करून दाखव, असं सांगण्यात आलं, आणि त्याने दाखवली. त्याच्या हातून छळ सोसलेले टोनी येंगेनी यांनी त्याला विचारलं, तू कसला माणूस आहेस? बेन्झिनचं उत्तर असं की हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

या प्रसंगाला सुंदर म्हणण्याची घाई करू नये. त्याच सुनावणीत बेन्झिनने येंगेनींना आठवण करून दिली की छळाखाली तुम्ही सहकाऱ्याचं नाव सांगितलं होतं. भर सभेत. म्हणजे समोरासमोर येण्यात सोसलेल्याला पुन्हा जखम होण्याचा धोका असतो, आणि गुन्हेगार तिथेही जुनं हत्यार बाहेर काढू शकतो. १९९९ मध्ये त्याला माफी मिळाली. अनेकांना ते पटलं नाही. मलाही ते सहज पचत नाही. तरीही, गोळीने मेलेल्या शंभर खलनायकांपेक्षा त्या खोलीतून मला परिणाम म्हणजे काय याचं जास्त आकलन झालं. तिथे विचारणारा होता, ऐकावं लागणारा होता, आणि दोघांनाही त्यानंतर घरी जाऊन जगायचं होतं. पडद्यावर मी हे शोधतो आणि मला ते क्वचित सापडतं.

कुणी म्हणेल, सिनेमा म्हणजे कीर्तन नव्हे, त्याने काय दाखवावं हे सांगणारे तुम्ही कोण? आक्षेप योग्य आहे. नियम करून चांगला शेवट मिळत नाही, हे १९३४ ते १९६८ च्या अनुभवाने दाखवलंच आहे, आणि मला नवी संहिता नको आहे. गुन्हेगार शेवटी सुटला तरी चालेल. कुणाला जाब न देताच तो जगला तरी चालेल, कारण तसं घडतंच. माझं म्हणणं पटकथेच्या प्रामाणिकपणाबद्दल आहे. 'भूतकाळाला सामोरं जाणं' असा शब्द वापरायचा तर समोर कुणीतरी असायला हवं. बंदूक रोखलेला जुना शत्रू म्हणजे समोरचा नव्हे. त्याला कसं तोंड द्यायचं हे नायकाला येतंच, तेच तर तो आयुष्यभर करत आला. ज्याच्यासमोर त्याची मजबूत छाती आणि अचूक नेम काही कामाचे नाहीत असं माणूस त्याच्यासमोर आणा: मारलेल्याची आई, वाढलेला मुलगा, हात चिरडलेला दुकानदार.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. असल्या गोष्टीत नाट्य कुठलं? पाठलाग नाही, चकमक नाही, दोन माणसं बसून बोलणार. यावर माझ्याकडे एक खरी घटना आहे. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एल्मायरा या लहान गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. काचा फोडल्या, गाड्यांचे टायर फाडले. त्यांच्या खटल्यात एका प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवलं की या दोघांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांना भेटावं, आणि न्यायाधीशांनी ते मानलं. दोघं दारोदार गेले. दार वाजवायचं, मीच तो असं सांगायचं, समोरचा जे बोलेल ते ऐकायचं, नुकसान किती झालं ते विचारायचं, पुढच्या दाराकडे निघायचं. पुढे त्यांनी भरपाई केली. त्यातला एक जण पुढच्या आयुष्यात याच प्रकारच्या समेटाच्या कामात पडला. गुन्हेगार आणि पीडित यांची भेट घडवण्याची जी पद्धत नंतर अनेक देशांत गेली, तिचा उगम या दारांशी सांगितला जातो.

खून आणि फुटलेल्या काचा यांची बरोबरी मी करत नाही. मारलेल्या माणसाची भरपाई नसते, आणि मारणाऱ्याला दारात उभं करायचं की नाही हे त्या घरानेच ठरवायचं असतं. पण नाट्य कुठलं, हा प्रश्न मला या दारांपुढे टिकत नाही. दिग्दर्शकाच्या डोळ्याने बघा. पहिल्या दाराशी पाय लटपटत असतील. पाचव्या दाराशी पाठ केलेली वाक्यं तोंडात आली असतील आणि कुणीतरी ती ऐकता ऐकता रडायला लागलं असेल. कुणी अंगावर धावून गेलं असेल, कुणी पाणी विचारलं असेल. आणि पाणी विचारणाऱ्यापुढे उभं राहणं धावून येणाऱ्यापेक्षा जड गेलं असेल. दार उघडून कोण येणार हे माहीत नसण्यात जी धाकधूक आहे ती कुठल्या पाठलागात आहे?

डेव्हिड क्रोननबर्ग यांचा २००५ चा 'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स' जिथे संपतो, तिथे मला या प्रकारच्या सिनेमाची पुढची वाट दिसते. लहान गावात सुखाने राहणारा टॉम स्टॉल हा खरं तर जुना मारेकरी जोई आहे, हे त्याच्या घरच्यांना कळलेलं आहे. जुन्या जगातल्या सगळ्यांना, भावालाही, मारून तो परत येतो. नेहमीच्या सिनेमाचा शेवट त्या मारामारीपाशी झाला असता. इथे तो घरात शिरतो तेव्हा बायको आणि मुलं जेवायला बसलेली आहेत. कुणी काही बोलत नाही. धाकटी मुलगी उठते, त्याच्यासाठी ताट मांडते. मुलगा भांडं त्याच्याकडे सरकवतो. बायको मान वर करून पाहते. सिनेमा तिथे संपतो.

ताट मांडलं म्हणजे क्षमा केली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याला भूक लागली असेल एवढंच त्या लहान मुलीला कळतं. बायकोच्या डोळ्यांत काय आहे हे मी पुन्हा पुन्हा पाहूनही सांगू शकलेलो नाही. जेवण होईल, भांडी घासली जातील, मुलं झोपतील, मग ती दोघं त्या घरात समोरासमोर उरतील. ती पहिला प्रश्न कुठला विचारेल? त्याने मारलेल्यांची नावं विचारेल का, आणि त्याला ती आठवतील का? मला तो सिनेमा बघायचा आहे.